आउटरला उभं विमान

माझ्या स्वयंपाकघरातलं उलथनं विमान चालवायला गेलं, तेव्हा मी धिरडी करत होते. तवा तापलेला, पहिलं धिरडं पसरलेलं, आणि भिंतीवरच्या खिळ्याला उलथनं नाही. हाक मारली तर पुढच्या खोलीतून नवऱ्याने सांगितलं, जरा दम धर, त्याला भोक पाडायलोय. उलथन्याला भोक कशाला, हे विचारायच्या आत घरघर सुरू झाली. धिरडं करपलं. नवऱ्याने ते निमूट खाल्लं, कारण त्याचं लक्ष जेवणात नव्हतंच. उलथन्याची मूठ माझ्या वडिलांच्या हातात नीट बसेल की नाही, एवढीच त्याला फिकीर होती.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. पूर्णा जंक्शनला ते कोळशाच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. होते म्हणायचं, कारण डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले आणि त्यांना इंजिनावरून खाली उतरवलं. डोळ्यांच्या पडद्याचा काही दोष होता, चष्म्याने भागण्यातला नव्हता. उरलेली नोकरी त्यांनी शेडमध्ये चाव्या सांभाळून काढली आणि मग घरी बसले. घरी बसले म्हणजे खरोखरच बसले. ओट्यावर बसून रुळांकडे बघायचे. त्यांना त्यातलं कितपत दिसत होतं, देव जाणे. बोलणं तर जवळजवळ बंदच झालं होतं. माय म्हणायची, आधी वाफ होती तेव्हा शिट्टी वाजायची. आता वाफच नाही तर काय वाजणार.

दर आठवड्याला ते पॅसेंजरने परभणीला मला भेटायला यायचे. मिरखेल, पिंगळी, परभणी. नामांतराचे दिवस होते, कधी बंद तर कधी बंदोबस्त, गाड्या उशिरा धावायच्या. पण दादा आले नाहीत असं क्वचित व्हायचं. खांद्याला कॅनव्हासची पाण्याची पिशवी, जशी इंजिनाला टांगलेली असायची तशी. ती पिशवी बघितली की माझं डोकं फिरायचं.

कारण असं की आमच्याकडे रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात प्रश्न सुटणार असं धरूनच ही रीत कोणीतरी काढली असावी. माझ्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती. डॉक्टर झाले, नवस झाले, शेजारणींचे सल्ले झाले. मूल नव्हतं. आणि दादा दर आठवड्याला माझ्या घरात बसून स्वतःच्या पिशवीतलं पाणी पीत होते. मला फार राग यायचा. त्या रागाखाली काय होतं तेही सांगते. त्या पाण्याच्या प्रत्येक घोटाबरोबर मला वाटायचं, दादा मला आठवण करून देताहेत. ते तसं करत नव्हते हे मला कळत होतं, पण कळून उपयोग काय? मी एकदा भांडले. ते म्हणाले, रीत मी न्हाई काढली, बाई. आणि पुन्हा गप्प झाले. गप्प माणसाशी भांडण म्हणजे भिंतीवर चेंडू, आपलाच आपल्याला परत येतो.

घराची पुढची खोली म्हणजे नवऱ्याचं दुकान. रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही, काहीही दुरुस्त करून मिळेल. चालू वस्तूसुद्धा दुरुस्त करून मिळेल, अशी त्याची ख्याती होती. धडधाकट रेडिओ समोर आला तरी ह्याचा हात पेचकसाकडे जायचा. त्याने हैदराबादहून एक जुना कॉम्प्युटर आणला होता, क्लास काढायचा म्हणून. क्लासची पाटी लागली. विद्यार्थी आला नाही, कारण परभणीत तेव्हा कॉम्प्युटर शिकून करायचं काय हे विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं आणि आमच्या मास्तरांनाही नव्हतं. कॉम्प्युटरबरोबर विमानाचा एक खेळ आला होता. त्यात कोणाला मारायचं नव्हतं की गुण मिळवायचे नव्हते. विमान उडवायचं आणि परत नीट उतरवायचं, बस्स. पडदा हिरवा, रेघाही हिरव्या. खाली घड्याळांसारख्या तबकड्या: वेग किती, उंची किती.

विमान हाकायला एक लहानसा दांडा होता आणि त्यावर दोन बटणं. दोन्ही मेलेली. नवऱ्याने त्यांच्या जागी एक घरच्या बेलचं बटण बसवलं आणि दुसरं, शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरचं हिरवं बटण. बेलचं बटण दाबलं की विमानाला ब्रेक लागायचा. इथपर्यंत मी हसून सोडून दिलं. त्याच्या हातून विमान रोज पडायचं आणि तो रोज म्हणायचा की वायरिंगमध्ये काहीतरी आहे.

दादा बाकावर बसून हे बघायचे. बघत नाही असं दाखवून बघायचे. एके दिवशी विमान असंच पडलं आणि मागून आवाज आला.

"ह्याला शिट्टी न्हाई का?"

आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं. कितीतरी महिन्यांनी दादांनी आपण होऊन काही विचारलं होतं. नवऱ्याने अगदी गंभीरपणे सांगितलं, मामा, विमानाला शिट्टी नसते. दादा म्हणाले, मग मेंढरं आडवी आली तर काय करता? नवरा म्हणाला, पुढच्या वेळेपर्यंत बसवतो.

आणि त्याने बसवली. दुकानातला एक बझर, एक बॅटरी आणि जुन्या जीपच्या हॉर्नचं बटण. ह्या शिट्टीचा कॉम्प्युटरशी काडीचा संबंध नव्हता. ती खोलीत वाजायची आणि गल्लीत ऐकू जायची. पण दादांनी दांडा हातात घेतला तो त्या शिट्टीपायी. तो लहानसा दांडा त्यांच्या पंजात दिसेनासाच झाला. नवऱ्याने त्यांचा हात नीट पाहून घेतला, आणि तिथून आमच्या घरातल्या वस्तू गायब व्हायला लागल्या.

तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा गेला, तो सगळ्याचं खोकं झाला. त्यानंतर माझं उलथनं गेलं. इंजिनात वाफ सोडायला एक लांब दांडी असते, तिला रेग्युलेटर म्हणतात. ड्रायव्हर ती ओढतो तेव्हा गाडी हलते. विमानाचा वेग आतापर्यंत कळफलकावरून वाढायचा. दादांना ते पटेना. बोटाने टिचक्या मारून गाडी चालते का, असा त्यांचा सवाल. म्हणून नवऱ्याने रेडिओच्या आवाजाचं एक जुनं बटण डब्यात बसवलं, त्याच्या दांडीवर माझं उलथनं आडवं ठोकलं, त्यातून दोन वायरी काढून कॉम्प्युटरच्या पाठीमागे जोडल्या, आणि झाला रेग्युलेटर. उलथनं ओढलं की विमान पळणार.

एक गोष्ट मात्र माझ्या पंडिताच्या ध्यानात आली नव्हती. रेडिओच्या आवाजाचं बटण हे कानासाठी बनवलेलं असतं. ते आधी अगदी हळू चढतं आणि शेवटी एकदम झेप घेतं; आपल्या कानाला ते सरळ चढल्यासारखं वाटतं. विमानाला कान नसतात. त्यामुळे उलथनं अर्ध्यापर्यंत ओढलं तरी विमान ढिम्म, आणि अर्ध्याच्या पुढे बोटभर सरकलं की चौखूर. शिवाय बटण घासलेलं होतं, मध्येच एका जागी अडायचं. नवऱ्याने ओढलं की विमान धावपट्टीवरून उधळून भलतीकडेच जायचं.

दादांनी पहिल्यांदा उलथनं धरलं. ओढलं, अडलं, जोर दिला, आणि विमान उसळलं तसा हात आपोआप निम्मा मागे आला. विमान सरळ धावलं आणि उडालं. नवरा आ वासून बघत होता. दादांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांच्या जुन्या इंजिनाचा रेग्युलेटर असाच होता म्हणे. अडायचा, मग एकदम सुटायचा. सुटला की लगेच मागे घ्यायचा, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरतात. ते म्हणाले, "लय दिवसांनी हाताला वळखीचं लागलं."

उडालं खरं, पण उतरणार कसं? दादांना तबकड्यांवरचे आकडे दिसत नव्हते. मी धिरड्याचे हात पुसत उभी होते. मी वेग वाचून दाखवला. दादांनी तो मोठ्याने पुन्हा म्हटला. मी उंची वाचली, त्यांनी तीही पुन्हा म्हटली. मी विचारलं, ऐकू आलं ना, मग पुन्हा कशाला? तेव्हा त्यांनी सांगितलं की इंजिनावर असंच असतं. कोळसा टाकणाऱ्या फायरमनने सिग्नल बघून ओरडायचं, ड्रायव्हरने तेच ओरडायचं, म्हणजे दोघांनी एकच बघितलं याची खात्री. एकट्याने बघितलेलं धरत नाहीत. तेव्हापासून त्या खोलीत मी फायरमन झाले. आठवड्यातून एकदा मी स्वयंपाक उरकून कंबरेला पदर खोचून खुर्चीच्या उजव्या बाजूला उभी राहायची आणि परदेशातल्या कुठल्याशा आकाशातले आकडे परभणीत ओरडून सांगायची. शेजारणींनी आमच्याबद्दल काय मत बनवलं असेल ते त्यांनी कधी तोंडावर सांगितलं नाही, हे त्यांचे उपकार.

दादांचं विमान उतरवणं मात्र भयंकर होतं. हवेत असताना ते ब्रेक दाबायचे. हवेत ब्रेक लागत नाही असं जावयाने समजावलं, तर दादा गाडी थांबवून, म्हणजे विमान सोडून देऊन, वळून म्हणाले, "ब्रेक न्हाई अन् माणसं बसवता?" तोवर विमान पडलं. दुसऱ्यांदा ते एका मोठ्या तळ्यात पडलं. पडद्यावरचं ते तळं कुठल्या देशातलं होतं कोण जाणे, दादांनी त्याला आमच्याकडच्या धरणाचं नाव देऊन येलदरी म्हणायला सुरुवात केली. येलदरी आली की डावीकडं, अशी त्यांची खूण. सारखी येलदरीत बुडायची आमची गाडी. कधी ऐन उतरताना लाईट जायची, आणि दादा अंधारलेल्या पडद्यासमोर दांडा धरून तसेच बसून राहायचे, कारण बदली ड्रायव्हर आल्याशिवाय इंजिन सोडायचं नाही. मी पंख्याने वारा घालायची.

दादांचं बोलणं वाढलं. सांगायला लागले, त्यांच्या फायरमनच्या बायकोच्या हातचा ठेचा कसा होता, भाकरी कशी पातळ. मी लहानपणी ऐकलेलंच होतं ते, मायच्या तोंडून. पूर्णेच्या अलीकडे, शेतांच्या मधोमध आउटर सिग्नल होता. जंक्शनला जागा नसली की गाडी तिथे अडवून ठेवायचे, कधी घटकाभर, कधी अर्धा दिवस. आमच्या क्वार्टरमध्ये दादांच्या गाडीची शिट्टी ऐकू यायची आणि माय चुलीवर कालवण ठेवायची. गाडी काही यायची नाही. शेवटी दादा घरी यायचे ते पोट भरून, कारण आउटरला उभ्या उभ्या फायरमनचा डबा संपवलेला असायचा. माय दर वेळी चिडायची. परक्याच्या घरचं खाता आणि घरचं नासवता, म्हणायची. दादांचं त्यावर एक ठरलेलं उत्तर होतं, आणि तेच त्यांनी त्या दिवशी मलाही ऐकवलं.

"इंजिनावर घर नसतंय, बाई. इंजिनावर डबा असतोय."

मी आकडे वाचायचे थांबले. त्यांना विचारलं, फायरमनच्या डब्यातलं चालायचं ना? ते म्हणाले, चालायचं म्हणजे काय, अर्धी अर्धी. मग मी विचारलं, इथं फायरमन कोण आहे? दादा पडद्याकडेच बघत राहिले. त्यांना माझा डाव कळला होता, आणि त्यातून सुटायची वाट ते शोधत होते. शेवटी म्हणाले, पळत्या गाडीत डबा उघडत नाहीत. आधी गाडी लागू दे स्टेशनात.

झालं. त्या दिवसापासून मला विमान उतरवायचं होतं. जगात कुणालाही विमान उतरवायची एवढी घाई नसेल. दादा यायच्या दिवशी मी डबा भरायची: ज्वारीची भाकरी, पिठलं किंवा वांगं, आणि ठेचा. तो टेबलाखाली ठेवायची. विमान येलदरीत बुडालं की डबा तसाच परत आत जायचा, आणि संध्याकाळी नवरा तो खायचा. वर आणखी आपलं जेवायचा. त्या काळात तो चांगला भरला अंगाने.

माझी तळमळ त्याला दिसत होती. मदत करावी असं त्याला वाटलं, आणि त्याला मदत करता येते ती एकाच प्रकारे. त्याने पेचकस घेतला. नांदेडला एका दुकानदाराने त्याला कानाचं आणि विमानाचं ते गणित समजावून सांगितलं होतं. आपण एवढी वर्षं रेडिओ उघडतो आणि एवढी साधी चूक केली, याची त्याला लाज वाटली. त्याने सरळ चढणारं नवं बटण आणलं, कोणाला न सांगता बसवलं, जुनं काढून एका गिऱ्हाइकाच्या रेडिओत घातलं. आता उलथनं जेवढं ओढाल तेवढाच वेग. एकदम बिनचूक.

दादा आले, बसले, शिट्टी दिली. उलथनं ओढलं, आणि सवयीने हात निम्मा मागे घेतला. विमान रांगत रांगत धावपट्टी संपेपर्यंत गेलं आणि पलीकडे घरंगळलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. दर वेळी तो हात मागे येत होता; तो डोक्याचं ऐकत नव्हता, मनगटाचं ऐकत होता. शेवटी दादांनी उलथनं सोडलं, पिशवी खांद्याला लावली. दारात क्षणभर थांबले. डोळे गेले होतेच, आता हातही गेला, एवढंच म्हणाले, आणि स्टेशनकडे चालू लागले.

पुढच्या आठवड्यात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मायने निरोप धाडला की पुन्हा ओट्यावर बसून आहेत, जेवणाकडे लक्ष नाही. माझ्या घरात पाण्याची पिशवी दिसेनाशी झाली आणि मला तिचीच आठवण यायला लागली. निदान ती दिसत होती तोवर दादा दिसत होते.

नवऱ्याने एका सकाळी चहा पिता पिता बटणाचं सांगून टाकलं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात असं की, देवाने एक चालतं काम आपल्या हातून करवलं होतं, तेही दुरुस्त केल्याशिवाय तुमाला चैन पडलं न्हाई. तो उठला, चपला घातल्या आणि निघाला. जुनं बटण गेलं होतं वालूरच्या एका शेतकऱ्याच्या रेडिओत. दुकानात तसली आणखी होती, पण त्याला तेच पाहिजे होतं, तेच घासलेलं, मध्येच अडणारं. सेलूला एसटी बदलून तो वालूरला गेला आणि त्या भल्या माणसाला सांगायला लागला की तुमच्या रेडिओत बिघाड आहे. तो म्हणाला, लय झ्याक वाजायलाय की. नवरा म्हणाला, वाजायलाय, पण चूक वाजायलाय. नवं बटण फुकट बसवून देतो म्हटल्यावर त्या माणसाला जास्तच संशय आला. सगळं गाव गोळा झालं. रेडिओवरची बातमी सगळ्यांनी आधी जुन्या बटणावर ऐकली, मग नव्या बटणावर ऐकली, आणि काही फरक नाही असा निकाल दिला. पण जुनं बटण खिशात घालून माझा नवरा सुटला.

तिथून तो घरी न येता पूर्णेला गेला. जावई न कळवता दारात उभा म्हटल्यावर मायची कोण तारांबळ. गोडाधोडाची धावपळ सुरू झाली. त्याने हातपाय धुतले नाहीत, ओट्यावर दादांच्या शेजारी बसला आणि खिशातून ते बटण काढून त्यांच्या हातावर ठेवलं. मायने मला हे नंतर अनेकदा सांगितलं, दर वेळी डोळे पुसत.

"मामा, तुमचा हात न्हाई गेला," तो म्हणाला. "मी ते नीट करून ठेवलं होतं, म्हून बिघडलं. आता पुन्हा पहिल्यासारखं बिघडवून देतो."

दादांनी ते बटण बोटांनी फिरवून पाहिलं. जिथे अडायचं तिथे अडलं. आणि ते हसले म्हणे.

नवऱ्याने जुनं बटण पुन्हा बसवलं, आणि दादा आमच्याकडे आले तेव्हा ऊन कलत होतं. मी डबा टेबलाखाली ठेवला होता, पण त्याचं नाव काढलं नाही. दादांनी शिट्टी दिली, समोरच्या घरातलं पोर रडायला लागलं. उलथनं ओढलं, अडलं, सुटलं, हात मागे आला, विमान उडालं. मी वेग ओरडले, त्यांनी ओरडला. उंची ओरडले, त्यांनी ओरडली. येलदरी आली, डावीकडे वळलो. नवरा दाराला पाठ लावून उभा होता, हात पाठीमागे बांधून. त्याला हात लावायचा मोह होईल या भीतीने मीच तशी ताकीद दिली होती. दादांनी उलथनं हळूहळू मागे घेतलं, इतकं हळू की मला वाटलं लाईट आधी जाईल. उंची कमी होत गेली. माझा आवाज बसला होता. धावपट्टी समोर दिसत होती, अरुंद हिरवी रेघ. आणि मला दिसलं की आपण तिच्या अलीकडेच टेकणार. मी सांगितलंही. दादा म्हणाले, टेकू दे.

टेकलं. उसळलं, पुन्हा टेकलं. दादांनी बेलचं बटण दाबून धरलं. विमान घासत घासत थांबलं. पडलं नाही, फुटलं नाही, बुडालं नाही. नुसतं उभं राहिलं, मोकळ्या रानात, धावपट्टीपासून चांगलं लांब.

मग माझ्या नवऱ्याला राहवलं नाही, तो म्हणाला, उतरलं मामा, उतरलं. दादांनी मान हलवली. पडद्याच्या अगदी जवळ चेहरा नेऊन त्यांनी त्या रेघेचा आणि विमानाचा अंदाज घेतला. मला माझे वडील माहीत होते. स्टेशन म्हणजे स्टेशन. स्टेशनाच्या अलीकडे उभी राहिली ती काही लागलेली गाडी नव्हे.

"न्हाई लागली," ते म्हणाले. "आउटरला उभी हाय."

माझे डोळे भरून आले. एवढं करून आउटरला. मी पदर सोडला, टेबलाखालचा डबा उचलला आणि आत न्यायला वळले.

"कुठं जायलीस?" दादांनी मागून विचारलं. "आउटरला उभी हाय म्हणलो ना मी. आता सिग्नल कवा पडंल कुणाला ठाव. काढ डबा."

मी डबा तिथेच टेबलावर उघडला. दादांनी हात पुसले, भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि अर्धी स्वतः घेतली. आम्ही पडद्याकडे तोंड करून, उभ्या विमानासमोर, ठेचा लावून भाकरी खाल्ली. नवऱ्याला कोणी विचारलं नाही. पॅसेंजर डब्यात असतो, इंजिनावर नसतो. खाऊन झाल्यावर दादांनी पाण्याच्या पिशवीकडे हात नेला, थांबले, आणि फायरमनकडे पाणी मागितलं. मी तांब्या आणला.

त्या दिवशी पूर्णेला मायने कालवण गरम करून ठेवलं होतं. दादा म्हणाले, भूक नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने एवढंच विचारलं की, फायरमनला ठेचा जमतो का. कित्येक वर्षांत त्या एका दिवशी कालवण वाया गेलं म्हणून ती चिडली नाही.

मला मूल झालं नाही. पण दादा असेपर्यंत माझ्या घरी जेवले. ताट वाढलं तर शिवायचे नाहीत, डबाच लागायचा, आणि विमान धावपट्टीवर नीट उतरवायला ते पुढे कधीच शिकले नाहीत. न शिकता ते दर वेळी त्याच रानात, त्याच जागी, कसे टेकायचे, हे मी त्यांना विचारलं नाही.